कच्चा टाका

अण्णा, तुमची नात आज वाळूजला गेली आहे, कारखान्याच्या आत फोटो काढायला. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात त्यानंतर दोन वर्षांनी ती झाली. नाक तुमचं घेऊन आली आहे आणि हट्टही. सकाळी जाताना तिनं नवा कोरा कॅमेरा माझ्यापुढं धरला. त्याच्या उजव्या अंगाला हाताचा तयार पट्टा लावलेला होता, काळा, नायलॉनचा. म्हणाली, "आई, बघ, तुझ्या अण्णांच्या पट्ट्यासारखा." मी पट्ट्याखाली हात घातला, तो पंजाच्या पाठीवर घट्ट बसला आणि मी हात झटकन बाहेर काढला. म्हटलं, याला वरच्या कडीपाशी कच्चा टाका पाहिजे, असा नेऊ नको. ती हसली. "अगं, तुटू नये म्हणून तर घेतला ना हा!" का नको, हे तिनं विचारलं, दोनदा विचारलं, आणि मी म्हटलं, असंच, जुन्या लोकांची पद्धत. ती गाडीला किक मारून निघून गेली. दुपारची पाळी सुरू होते तेव्हा मशीनजवळ तिचं काम आहे, साडेतीनला. आत्ता एक वाजतोय. तिला खरं कारण सांगायचं तर ते आधी तुम्हाला सांगावं लागेल, म्हणून लिहायला बसले आहे. तुमचा उजवा हात कुणामुळं गेला, हे तुम्हाला शेवटपर्यंत चुकीचंच माहीत होतं.

तुमच्या बरोबरीचे सगळे फोटोग्राफर कॅमेरा गळ्यात घालून मिरवायचे. तुम्ही नाही. तुम्ही फुलंब्रीच्या शेतकऱ्याचा मुलगा, शहरात येऊन वीस वर्षं झाली तरी बोलणं गोठ्यातलंच. "गळ्यात दावं जनावराला असतंय. माणसानं वस्तू हातात धरावी," असं लग्नाच्या मांडवात दहा माणसांसमोर म्हणायचात आणि त्या बिचाऱ्यांचे हात आपोआप गळ्याकडं जायचे. पण ती नुसती थट्टा नव्हती, हे मला पुढं कळलं. वाळूजला कारखाने वाढायला लागले तसे तुम्हाला मशीनचे फोटो काढायला बोलावणं यायला लागलं, आणि अशाच एका ठिकाणी कामगाराच्या गळ्यातला गमछा फिरत्या मशीननं ओढलेला तुम्ही डोळ्यांनी पाहिला होता. माणूस वाचला की नाही, ते तुम्ही आईलासुद्धा सांगितलं नाही. घरी आलात आणि पहिल्यांदा कॅमेऱ्याचा गळ्यातला पट्टा कापून टाकलात. आईनं ताट वाढलं होतं, ते तसंच राहिलं.

मग हाताचा पट्टा झाला. पैठण गेटजवळ जे मोचीकाका बसायचे, त्यांच्याकडून तुम्ही दोन बोटं रुंदीचं जाड कातडं कापून आणलंत आणि आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून बसलात. खालचं टोक कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूनं, वरचं टोक कॅमेऱ्याच्याच उजव्या कोपऱ्यावरच्या कडीला, मधे बक्कल. आतून जुन्या ब्लँकेटचा तुकडा लावला, कारण नुसतं कातडं घामानं कापतं. आठ दिवस रोज काढायचात, घालायचात, एक भोक इकडं, एक भोक तिकडं. शेवटी एका सकाळी पट्टा चढवून जेवायलाच बसलात. हात उघडा सोडला तरी कॅमेरा पंजाला चिकटलेला, आणि तुम्ही त्याच हाताच्या बोटांनी शेंगदाणे उचलून तोंडात टाकताय. आई म्हणाली, "आता झोपायला बी घेऊन जा त्येला." तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "पट्टा असा पाहिजे बाई, की हाताला कॅमेऱ्याचा इसर पडावा, पण कॅमेऱ्याला हाताचा नाय." खरंच होतं ते. नुसता कॅमेरा दिवसभर धरला की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, बोटं आखडतात. पट्ट्यानं वजन हाताच्या पाठीवर जातं, बोटं मोकळी राहतात, आणि संध्याकाळी घरी आलेला माणूस चिडचिडा नसतो. पुढं मीही हेच काम केलं तेव्हा हे माझ्या हाताला पटलं.

सगळा पट्टा मोचीकाकांनी मेणाच्या दोऱ्यानं शिवला होता. फक्त वरच्या कडीपाशी तुम्ही त्यांना हात लावू दिला नाही. तिथं तुम्ही स्वतः आईच्या शिवणाच्या डब्यातला साधा पांढरा दोरा घेतलात आणि तीन टाके घातलेत. कच्चे. मी विचारलं तेव्हा कारणही सांगितलंत, लपवलं नाही. "कशात अडकला तर ह्यानं तुटावं. हातानं नाय." त्यानंतर तो टाका वर्षातून दोनतीनदा तुटायचा आणि तुम्ही दोरा ओवायला मला हाक मारायचात. सुईचं नेढं तुम्हाला दिसायचं नाही, पण हे कबूल करायला तुम्ही तयार नव्हता. म्हणायचात, "दोराच फुसका झालाय आजकालचा."

एकदा फुलंब्रीला चुलतभावाच्या लग्नात नाचणाऱ्या एका गड्यानं "अण्णा, आमचा बी एक!" म्हणून तुमचा हातच ओढला. टाका तुटला आणि कॅमेरा ओट्याच्या दगडावर आपटला. लेन्सची कड चेपली. मी तेव्हा अकरावीत होते आणि त्या कॅमेऱ्यावर आपलं घर चालतं एवढं मला समजत होतं, म्हणून मी भर मांडवात रडले. तुम्ही चेपलेली कड अंगठ्यानं चाचपलीत आणि त्या गड्याला म्हणालात, "घे, काढ पोज." परतताना स्कूटरवर तुम्ही शीळ घालत होता. मला तुमचा इतका राग आला होता, अण्णा. वाटलं, या माणसाला वस्तूची किंमत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच जागी तसाच पांढरा दोरा. मी गुपचूप दुहेरी ओवला, तर तुम्ही तो दातानं तोडलात आणि आयुष्यात एकदाच माझ्यावर ओरडलात. "शानपणा करू नको. ह्याच्यात शानपणा नाय करायचा." मी तोंड फुगवून बसले आणि दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

पाचसहा वर्षांनी मला वाळूजच्या एका कारखान्यात ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागली. कंपनीची बस पकडायला मी सकाळी निघायचे, तेव्हा तुम्ही दारात उभे राहायचात आणि उगाच रस्त्याकडं बघितल्यासारखं करायचात. वर्षभर पगारातून बाजूला टाकत मी तुम्हाला नवा कॅमेरा घेतला. तुम्ही तो डबा मांडीवर घेऊन बसलात, उघडला नाहीत बराच वेळ. मग म्हणालात, "लई मोठी झालीस." बस, एवढंच. तुम्ही जुना पट्टा नव्या कॅमेऱ्याला लावलात आणि वर पुन्हा तेच तीन टाके. ते मला बघवेना. नवा कॅमेरा, त्याची लेन्स, आणि सगळं लोंबकळतंय कशावर, तर आईच्या डब्यातल्या दोऱ्यावर. मी हिशेब असा केला की अण्णा कारखान्यात जातात वर्षातून एकदोनदा आणि लग्नात जातात आठवड्याला. मशीन ओढेल तेव्हा ओढेल, नाचणारे तर रोजच ओढतात. दीड शहाणी म्हणतात ती मीच.

तुम्ही बक्कल बदलायला पट्टा मोचीकाकांकडं टाकायला सांगितलंत, त्या दिवशी मी संधी साधली. मी त्यांना म्हटलं, वरच्या कडीपाशीही पक्का शिवा. त्यांनी मान वर केली. "ताई, अण्णाला इचारलं का? तेनी म्हनलं व्हतं, हितं हात लावायचा नाय." मी म्हटलं, त्यांनीच सांगितलंय, आता कॅमेरा भारी आहे. त्यांनी कडीपाशी अंगठा फिरवला. मग काळा नायलॉनचा दोरा मेणातून ओढला, आरीनं भोक पाडलं आणि दुहेरी शिवण घातली. दोऱ्याचं टोक विस्तवावर धरून दाबलं आणि मला देताना म्हणाले, "घ्या. आता बैल बांधला तरी सुटायचा नाय." घरी येऊन मी त्या काळ्या शिवणीवर आईचा पांढरा दोरा घेतला आणि वरवर तीन टाके घातले, अगदी तुमच्यासारखे, जरा वाकडे. वरून कीर्तन, आतून तमाशा. तुम्ही पट्टा घातलात, बोटं उघडझाप केलीत आणि म्हणालात, "ब्येस बसलाय." मला आनंद झाला. खरंच सांगते, मला मनापासून आनंद झाला होता.

आणि दोन आठवड्यांत आमच्या मॅनेजरसाहेबांना कंपनीच्या कॅटलॉगसाठी मशीनचे फोटो हवे झाले. ऑफिसात चर्चा चालली होती, पुण्याहून कुणाला बोलवायचं का, आणि मी टाइपरायटरवरून मान वर करून म्हटलं, माझे अण्णा काढतात. कुणी मला विचारलं नव्हतं. तुम्ही आलात ते इस्त्रीच्या शर्टात. लग्नाला कधी शर्टाला इस्त्री करायचा नाहीत, पण मुलीच्या ऑफिसात यायचं म्हणून आईकडून करून घेतली होती. फ्लॅश धरायला म्हणून साहेबांनी मला तुमच्याबरोबर आत सोडलं. ऑफिसपासून शेडचं दार पन्नास पावलांवर, पण त्या दिवसापर्यंत मी कधी आत गेले नव्हते. आत गेल्यावर पहिल्यांदा कुलंटचा, मशीन थंड ठेवायला सोडतात त्या तेलकट पाण्याचा, आंबूस वास आला. मग आवाज, इतका की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. लोखंडी गज फिरवून कापणाऱ्या लेथ मशीनच्या दोन रांगा होत्या. प्रत्येकाच्या मागच्या बाजूनं एक लांब लोखंडी गज बाहेर आलेला आणि तो फिरत होता. वाईट काय, तर तो फिरतोय हे दिसत नाही, अण्णा. गज सरळ असला आणि नीट फिरत असला की तो उभा केलेल्या काठीसारखा थांबलेला वाटतो. म्हणून कामगारांनी त्याच्या टोकाशी स्टँडला लाल फडकं बांधलेलं असतं. ते लाल फडकंच तेवढं खरं बोलत होतं.

तुम्ही समोरून फोटो काढलेत, बाजूनं काढलेत. साहेबांना पूर्ण रांग एका फोटोत पाहिजे होती. ती मागूनच दिसणार होती. तुम्ही मागं सरकत गेलात, डोळा कॅमेऱ्याला, डावा हात लेन्सवर, उजव्या पंजावर पट्टा. बक्कलमधून उरलेलं पट्ट्याचं शेपूट, चार बोटं लांब, ते खाली लोंबत होतं. ते कापायचं राहून गेलं होतं. मला अजून दिसतंय ते. मी फ्लॅश उंच धरलाय, तुम्ही म्हणताय, "जरा डावीकडं, बाई," मी डावीकडं होते, आणि तुम्ही अर्धं पाऊल मागं येता. गजाच्या टोकाला कापताना राहिलेलं लोखंडाचं बारीक कुसळ होतं. ते पट्ट्याच्या शेपटात रुतलं. मग काही नाही, फक्त तुमचा हात वर गेला, जसा वर्गात मुलगा करतो तसा, आणि तिथं न थांबता गजाबरोबर फिरला. मी ओरडले की नाही मला आठवत नाही. ऑपरेटरनं उडी मारून मशीन बंद केलं, पण बंद केलेलं मशीनसुद्धा लगेच थांबत नाही. पांढरे टाके तुटून गेले होते. काळी शिवण जशीच्या तशी होती आणि कॅमेऱ्याला ओरखडा नव्हता.

अंगठा गेला, शेजारची दोन बोटं गेली, आणि मनगट कायमचं वाकडं झालं. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तुम्ही शुद्धीवर नीट आलात तेव्हा पट्टा मागितलात. ऑपरेशनच्या आधी कापून काढलेला, पिशवीत ठेवला होता. तुम्ही डाव्या हातानं तो उलटासुलटा केलात, कडीपाशी आलात आणि थांबलात. "हा काळा दोरा कुनी घातला?" आई बाहेर औषधाला गेली होती. खोलीत आपण दोघंच. मी म्हटलं, "मोचीकाकांनी घातला असेल. बक्कल बदलायला दिला होता ना, तेव्हा." तुम्ही डोळे मिटलेत. "त्याला सांगितलं व्हतं मी," एवढंच म्हणालात. मला वाटलं, आत्ता आजारी आहेत, बरे झाले की सांगू.

बरे झाल्यावर तुम्ही मला स्कूटर काढायला लावलीत. मागं बसलात, बांधलेला हात छातीशी धरून, आणि पैठण गेटला चल म्हणालात. वाटेत मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा रहदारीचं निमित्त मिळालं. तुम्ही उतरून मोचीकाकांपुढं उभे राहिलात. आवाज चढवला नाहीत. "दोस्ता, तुला एकच गोष्ट सांगितली व्हती मी." त्यांनी तुमच्या हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. चपला शिवून घ्यायला आलेली दोन माणसं थांबली होती, रसवाला थांबला होता. मला माहीत होतं की आता ते सांगणार, आणि खरं सांगते, सांगावं असंही वाटत होतं, म्हणजे माझी सुटका झाली असती. ते म्हणाले, "चुकलं अण्णा. ध्यानात ऱ्हायलं नाय." आणि खाली बघून कुणाच्या तरी चपलेचा अंगठा शिवायला लागले. तुम्ही परत कधी त्यांच्याकडं गेला नाहीत. त्यांनी माझ्या हातचा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतला, का ते मला आजही नीट कळलेलं नाही. कदाचित मुलगी बापासमोर उघडी पडू नये म्हणून. काही वर्षांनी ते वारल्याचं कळलं. मी गेले नाही. पैठण गेटचा तो कोपरा मी आजही टाळते. गुलमंडीत काम असलं तरी लांबून फिरून जाते, आणि पोरगी विचारते, आई तू असा उलटा रस्ता का घेतेस.

सात वर्षं तुम्ही तशी काढलीत. डाव्या हातानं चहा, डाव्या हातानं सही, आई शर्टाची बटणं लावायची. तुमची गिऱ्हाईकं मी सांभाळली, नोकरी सोडली, आणि तुम्ही मला मांडवाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून शिकवलंत. पट्टा मी नवीन केला आणि वरच्या कडीला कच्चा टाका घातला. तो तुम्ही दरवेळी निघताना तपासून बघायचात. नुसतं नखानं हलवून बघायचात आणि मान डोलवायचात. तुमचा अविश्वास माझ्यावर नव्हता, मोचीकाकांवर होता. मी ते बघत उभी असायचे आणि गप्प असायचे. माणसाला एकदा गप्प बसता आलं की पुढं ते जड जात नाही.

पावणेतीन झाले. तिला फोन लावायला हवा. पण अजून एक राहिलंय. ते मी मशीनच्या गोष्टीतून वगळलं. वर लिहिताना हात तिथं आला होता आणि पुढं सरकला. तुम्ही मागच्या बाजूला जायला लागलात तेव्हा त्या ऑपरेटरनं तुम्हाला अडवलं होतं. पडेगावचा माणूस होता, वयानं तुमच्याएवढा. तो तुमच्या कानाशी ओरडून म्हणाला, "सायेब, हातातला पट्टा काढा. अडकला तर तुटंल का ह्यो?" तुम्ही पट्टा त्याच्यापुढं धरलात, ते पांढरे तीन टाके दाखवलेत आणि हसून तसंच ओरडून म्हणालात, "तुटंल की. तुटायसाठीच शिवलाय." मग माझ्याकडं बघितलंत, जरा कौतुकानं, की बघ, तुझा बाप अडाणी नाही. मी तीन हातांवर होते. एवढ्या आवाजातही मला प्रत्येक शब्द ऐकू आला. मी म्हणू शकले असते, अण्णा, काढा. दोनच शब्द. पण मॅनेजरसाहेब शेजारी उभे होते. तुमच्या पट्ट्याला मी चोरून हात लावला हे त्यांच्यासमोर कुठं सांगायचं, असं वाटलं मला. म्हटलं, आता एवढ्यात काय होतंय. आणि मी फ्लॅश उंच धरला.

हे कागद कुठं ठेवायचे ते नंतर बघू. तिला फोन लावते आणि म्हणते, पट्टा काढ, आत्ताच्या आत्ता काढ, कापून टाक. ती काढेल, माझ्या आवाजावरून तिला कळेल. पण ती तुमचीच नात आहे, तेवढ्यावर सोडणार नाही. का ते सांगावं लागेल, आणि मग ती विचारेल, आजोबांचा टाका पक्का कुणी केला होता? अण्णा, इतकं सगळं लिहूनसुद्धा, त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून माझ्या तोंडी आत्ताही आधी मोचीकाकांचंच नाव येतंय.